टेक होम कोडिंग असाइनमेंट: मेल आल्यापासून पुढच्या राउंडपर्यंत काय काय करायचं

इंटरव्ह्यूचा पहिला कॉल होतो, समोरून सांगतात की एक छोटी असाइनमेंट पाठवतोय, आठवड्याभरात करून द्या, आणि मेलमध्ये दोन पानांची पीडीएफ येते. लाइव्ह कोडिंगपेक्षा हे बरं वाटतं, घरी बसून शांतपणे करता येतं, कोणी स्क्रीनकडे टक लावून बसलेलं नसतं, आणि ते खरंच बरं आहे. पण चांगला कोड लिहिणारी मुलंमुली याच राउंडला बाहेर पडताना मी सतत बघते आणि वाईट वाटतं, कारण कोडिंग येत नाही हे कारण त्यात फार कमी वेळा असतं. प्रोजेक्ट समोरच्याच्या मशीनवर सुरूच होत नाही, किंवा सहा फीचर मागितलेले असतात आणि सहाच्या सहा अर्धवट असतात, किंवा सगळं नीट केलेलं असतं पण असं का केलं हे कुठेच लिहिलेलं नसतं, मग तपासणाऱ्याला ते कळणार तरी कसं.

मी अशा असाइनमेंट बऱ्याच तपासल्यात, म्हणून त्या बाजूने काय दिसतं ते आधी सांगते. तपासणारा माणूस हा काही परीक्षक नसतो, तो टीममधलाच एक डेव्हलपर असतो, स्वतःचं काम बाजूला ठेवून दोन मीटिंगच्या मधे तुमचा रेपो, म्हणजे गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलमधला तुमचा प्रोजेक्ट, उघडतो. हातात साधारण अर्धा तास, कधी तेवढाही नाही. तेवढ्यात त्याला एकच ठरवायचं असतं, की ही व्यक्ती टीममध्ये आली तर हिचा कोड मला चालवायला, वाचायला आणि बदलायला सोपा जाईल का. खाली जे जे सांगतेय ते सगळं या प्रश्नासाठीच आहे.

१. आधी करायची का नाही ते ठरवा

असाइनमेंट आली म्हणजे करायलाच हवी असं नसतं. मेल वाचून पहिल्यांदा तीन चार गोष्टी विचारून घ्या: अंदाजे किती तास अपेक्षित आहेत, डेडलाइन किती लवचिक आहे, कोण तपासणार, आणि यानंतर किती राउंड आहेत. हे विचारलं म्हणून कोणी नाराज होत नाही, उलट प्रोफेशनल वाटतं. तीन चार तासांचं काम असेल तर ठीक, एखादा पूर्ण दिवस लागणार असेल तर ती कंपनी तुम्हाला खरंच हवी आहे का ते बघा, आणि आठवडाभर रोज रात्री बसावं लागणार असेल तर सरळ लिहा की मी एवढा वेळ देऊ शकतो, तेवढ्यात यातला कुठला भाग करून दिला तर चालेल. बरेचदा चालतं. ज्यांच्या घरी लहान मूल आहे किंवा जे आजारी माणसाचं बघतायत किंवा आधीची नोकरी सांभाळून इंटरव्ह्यू देतायत त्यांच्यासाठी हा राउंड मुळातच अवघड असतो, त्यांनी लाजायचं काहीच कारण नाही. आधी केलेला एखादा प्रोजेक्ट कॉलवर समजावून सांगितला तर चालेल का असंही विचारता येतं, काही टीम हो म्हणतात.

एक धोक्याची खूण मात्र लक्षात ठेवा. असाइनमेंट म्हणजे त्यांच्याच प्रॉडक्टचं एखादं फीचर असेल, त्यांच्या लाइव्ह सिस्टीमला जोडायला सांगत असतील, डिझाइन, बॅकएंड, फ्रंटएंड आणि डिप्लॉयमेंट असं सगळं मागत असतील, तर ते फुकटचं काम करून घेणं आहे. चांगली असाइनमेंट बनावट प्रॉब्लेमवर असते, सगळ्या उमेदवारांना तीच दिलेली असते आणि तिचा बाहेर काही उपयोग नसतो.

२. दिलेला कोड डोळे झाकून चालवू नका

हा भाग नवीन लोकांना कोणी सांगतच नाही म्हणून जरा सविस्तर सांगते. बऱ्याचदा कंपनी एक तयार रेपो देते आणि म्हणते यातला बग शोधा किंवा यात फीचर ॲड करा. आता खोटे रिक्रूटर बनून डेव्हलपरांना असे रेपो पाठवायचे आणि त्यातून मालवेअर घुसवायचं हा प्रकार खूप वाढलाय. पालो आल्टो नेटवर्क्सच्या युनिट ४२ या टीमने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा एका मोहिमेबद्दल लिहिलं आणि तिला कंटेजियस इंटरव्ह्यू असं नाव दिलं, तिचा संबंध उत्तर कोरियाशी जोडला गेलाय. पद्धत साधी होती, नोकरीच्या नावाने संपर्क करायचा, इंटरव्ह्यूचा भाग म्हणून एक नोड जेएस प्रोजेक्ट चालवायला सांगायचा, आणि त्यातला लपवलेला कोड ब्राउझरमधली माहिती आणि क्रिप्टो वॉलेटचे तपशील उचलायचा.

हे एवढं सोपं का होतं तर एनपीएम या नोड जेएसची पॅकेज आणणाऱ्या टूलची इन्स्टॉल कमांड दिल्यावर पॅकेजमधले पोस्टइन्स्टॉलसारखे स्क्रिप्ट आपोआप चालू शकतात, म्हणजे तुम्ही ॲप सुरू करायच्या आधीच कोणाचा तरी कोड तुमच्या मशीनवर चाललेला असतो. म्हणून रेपो आला की आधी नुसता वाचा. पॅकेज डॉट जेसन उघडा, स्क्रिप्ट्सच्या भागात काय आहे बघा, अनोळखी पॅकेज असेल तर ते किती जुनं आहे, किती लोक वापरतात ते बघा, कुठे एका ओळीत खूप लांब, न वाचता येणारा कोड उजवीकडे ढकललेला आहे का तेही बघा. व्हीएस कोड या एडिटरमध्ये फोल्डर उघडताना या लेखकावर विश्वास आहे का असं विचारतं, तिथे सवयीने हो दाबू नका, रिस्ट्रिक्टेड मोडमध्ये उघडा. चालवायची वेळ आली की व्हर्च्युअल मशीनमध्ये (कॉम्प्युटरच्या आतला वेगळा, बंदिस्त कॉम्प्युटर) चालवा, किंवा निदान डॉकर कंटेनरमध्ये आणि तुमचं होम फोल्डर त्यात माउंट न करता. ऑफिसच्या लॅपटॉपवर तर अजिबात नको, तिथे सध्याच्या कंपनीचे क्रेडेन्शियल्स असतात आणि तसंही दुसऱ्या नोकरीचं काम त्यावर करणं अडचणीचं ठरू शकतं. आणि घाई करणारा, कॉल चालू असतानाच माझ्यासमोर रन करून दाखवा म्हणणारा रिक्रूटर असेल तर थांबा, कंपनीच्या अधिकृत साइटवरून त्या माणसाची खात्री करा.

३. दोनदा वाचा, मग प्रश्न विचारा

समजा असाइनमेंट अशी आहे: मीटिंग रूम बुक करायची एपीआय (दुसऱ्या प्रोग्रॅमला वापरता येईल अशी सर्व्हिस) बनवा, रूम बुक करता आली पाहिजे, बुकिंग कॅन्सल करता आलं पाहिजे, दिवसाची यादी दिसली पाहिजे, आणि एकाच रूमची एकाच वेळी दोन बुकिंग होता कामा नयेत. वाचायला चार ओळी. पण आता नीट विचार करा. एक बुकिंग १० ते ११ आहे आणि दुसरं ११ ते १२, तर ते एकमेकांना आड येतं का? वेळ कुठल्या टाइमझोनमधली? कालच्या तारखेचं बुकिंग केलं तर? कॅन्सल कोणीही करू शकतं का ज्याने केलं तोच? कॅन्सल झालेलं यादीत दिसायचं का नाही? लॉगिन हवंय का?

हे सगळे प्रश्न मेलवर विचारायचे नसतात. ज्यांच्या उत्तराने कामाचा आकार बदलतो तेवढेच विचारा, इथे तो लॉगिनचा एकच प्रश्न आहे, कारण लॉगिन करायचं म्हटलं तर काम दुप्पट होतं. बाकीच्यांची उत्तरं तुम्हीच ठरवा आणि लिहून ठेवा. असे जे प्रश्न असतील ते एकाच मेलमध्ये, प्रत्येकासोबत 'उत्तर आलं नाही तर मी असं धरून चालतो' असं एक वाक्य. म्हणजे समोरचा दोन दिवस उत्तर देत नसेल तरी तुमचं काम अडत नाही. आणि जे धरून चाललात ते रीडमीमध्ये (प्रोजेक्टसोबत द्यायची माहितीची फाइल) गेलंच पाहिजे, त्यावर पुढे येतेच.

४. स्कोप कापा

मला विचाराल तर सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. सांगितलेलं असतं चार तासांचं काम आणि उमेदवार त्यात मायक्रोसर्व्हिस, रेडिस, मेसेज क्यू, कुबरनेटीसच्या फाइल्स असं सगळं घालतो, वाटतं की इम्प्रेशन पडेल. पडतं, पण उलटं. चार एंडपॉइंटच्या (एपीआयच्या चार पत्त्यांच्या) प्रोजेक्टला चाळीस फाइल्स असतील तर मला पहिला विचार हाच येतो की रोजच्या कामातही ही व्यक्ती साधी गोष्ट अशीच अवघड करणार.

मागितलेल्या गोष्टींचे दोन ढीग करा, आवश्यक आणि बोनस. आवश्यक सगळं पूर्ण, टेस्टसकट, मग वेळ उरला तर एक बोनस, तोही पूर्ण. वेळ संपत आला आणि एखादी आवश्यक गोष्ट राहतेय असं दिसलं तर अर्धी घुसवू नका, काढून टाका आणि राहिली आहे असं लिहा. अर्धवट फीचर कोडमध्ये दिसलं की वाचणाऱ्याला कळत नाही हे राहिलंय का बिघडलंय.

स्टॅक, म्हणजे भाषा आणि टूल्स, ओळखीचाच घ्या. कंपनी गो वापरते आणि तुम्हाला पायथन येतं, तर त्यांनी भाषेची सक्ती केली नसेल तोवर पायथनच. चार तासांत नवीन भाषा शिकून चांगला कोड लिहिता येत नाही, आणि पुढच्या राउंडला त्याच कोडवर प्रश्न येतात तेव्हा पंचाईत होते. डेटाबेस लागला तर एसक्यूलाइट घेतलं तरी चालतं, ते एका फाइलमध्ये राहतं, सर्व्हर इन्स्टॉल करावा लागत नाही, तपासणाऱ्याचे दहा मिनिटं वाचतात.

५. पहिल्या तासात काहीतरी चालू करा

फोल्डर बनवलं, गिट इनिट केलं, की सगळ्यात आधी एक एंडपॉइंट जो नुसतं ओके परत करतो, एक टेस्ट जी तो एंडपॉइंट बोलावते, आणि रीडमीमध्ये चालवायची कमांड. बस. आता तुमच्याकडे कुठल्याही क्षणी पाठवता येईल असं काहीतरी आहे आणि यापुढे प्रत्येक बदल चालत्या गोष्टीवर होतो. जे लोक तीन दिवस मॉडेल आणि क्लास डायग्राम करत बसतात आणि शेवटच्या रात्री पहिल्यांदा रन करतात त्यांची शेवटची रात्र कशी जाते ते मी बघितलंय.

६. जिथे खरी परीक्षा आहे तिथे वेळ घालवा

प्रत्येक असाइनमेंटमध्ये एक जागा अशी असते जिच्यासाठी ती असाइनमेंट बनवलेली असते. बाकीचं सगळं भरीला घातलेलं. मीटिंग रूमच्या उदाहरणात ती जागा म्हणजे 'दोन बुकिंग होता कामा नयेत' हे वाक्य.

इथे बरेच जण चार पाच इफ लिहितात: नवीन बुकिंगची सुरुवात जुन्याच्या मधे आहे का, शेवट मधे आहे का, नवीन जुन्याला पूर्ण व्यापतंय का, वगैरे, आणि एखादी केस हमखास सुटते. खरं तर एक अट पुरते: नवीन बुकिंग जुनं संपायच्या आधी सुरू होत असेल आणि जुनं सुरू झाल्यानंतर संपत असेल तर टक्कर आहे. तुलना करताना 'बरोबर' चं चिन्ह घ्यायचं नाही, नुसतं लहान आणि मोठं, मग १० ते ११ आणि ११ ते १२ आपोआप शेजारी शेजारी बसतात. त्या एका ओळीच्या वर एक कॉमेंट लिहा की शेवटची वेळ बुकिंगमध्ये धरलेली नाही. अशी कॉमेंट वाचली की मला कळतं की माणसाने विचार केलाय.

पण गोष्ट इथे संपत नाही. दोन जणांनी एकाच क्षणी तीच रूम मागितली तर? दोन्ही रिक्वेस्ट आधी चेक करतात, दोघांनाही रूम रिकामी दिसते, दोघेही इन्सर्ट करतात, झाली दोन बुकिंग. हे तुमच्या लॅपटॉपवर हाताने टेस्ट करताना कधीच दिसणार नाही. ट्रान्झॅक्शन (डेटाबेसमधली अनेक कामं एकत्र, सगळी किंवा एकही नाही अशी करणं) लावलं की झालं असं पुष्कळांना वाटतं, पण पोस्टग्रेस या डेटाबेसची जी डिफॉल्ट आयसोलेशन लेव्हल (एकाच वेळी चालणारे ट्रान्झॅक्शन एकमेकांपासून किती वेगळे ठेवायचे ते) आहे, रीड कमिटेड, तिच्यात नुसत्या ट्रान्झॅक्शनने हे थांबत नाही, दोन्ही ट्रान्झॅक्शनना एकमेकांची कमिट न झालेली ओळ दिसतच नाही. तिथे एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट लावता येतो, मग वेळा एकमेकांवर येतायत हे डेटाबेसच नाकारतो, किंवा त्या रूमची ओळ आधी लॉक करून मग चेक करायचं. एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकच जण लिहू शकतो, त्यामुळे चेक आणि इन्सर्ट एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये ठेवले तर भागतं. तुम्हाला हे सगळं करायला वेळ नसेल तरी 'एकाच वेळी दोन रिक्वेस्ट आल्या तर इथे गडबड होऊ शकते, खऱ्या सिस्टीममध्ये मी हे डेटाबेसमध्येच अडवेन' एवढं लिहिलंत तरी तुम्ही बऱ्याच जणांच्या पुढे जाता.

मग छोट्या गोष्टी. वेळ यूटीसीमध्ये (जगभरची प्रमाण वेळ) साठवा आणि एपीआयमध्ये आयएसओ ८६०१ या तारीख-वेळ लिहायच्या प्रमाण फॉरमॅटमध्ये द्या, टाइमझोनच्या ऑफसेटसकट. टक्कर झाली तर स्टेटस कोड ४०९, चुकीचा इनपुट आला तर ४००, रूमच नसेल तर ४०४, नवीन बुकिंग झालं तर २०१. सगळ्याला २०० देऊन आत एररचा मेसेज टाकणं हे अजूनही खूप दिसतं, ते टाळा. पैशांचा हिशोब असेल तर फ्लोट (दशांश संख्या अंदाजे साठवणारा टाइप) वापरू नका, ०.१ आणि ०.२ ची बेरीज बहुतेक भाषांमध्ये ०.३०००००००००००००००४ येते हे स्वतः करून बघा, सगळ्यात लहान नाण्याच्या पूर्णांकात ठेवा किंवा डेसिमल टाइप घ्या. एसक्यूएल क्वेरी स्ट्रिंग जोडून बनवू नका, पॅरामीटर द्या, कारण इंजेक्शनची फट (इनपुटमधून कोणी स्वतःची क्वेरी घुसवू शकेल अशी) दिसली की पुष्कळ तपासणारे पुढे वाचतच नाहीत.

फ्रंटएंडची असाइनमेंट असेल तर ती जागा बहुतेक वेळा लोडिंग, एरर आणि रिकामी यादी या तीन अवस्थांमध्ये असते. डिझाइनमध्ये फक्त भरलेली यादी दाखवलेली असते आणि उमेदवार तेवढीच बनवतो. नेटवर्क बंद करून बघा, बटण दोनदा पटकन दाबून बघा. सर्च बॉक्स असेल तर आधीच्या अक्षरांचं उत्तर नंतरच्या अक्षरांच्या उत्तरानंतर आलं तर काय दिसतं ते बघा, हा बग अगदी हमखास असतो. डेटा सायन्सवाल्यांनी मॉडेल शिकवायचा आणि तपासायचा डेटा (ट्रेन आणि टेस्ट) वेगळा करायच्या आधीच सगळ्या डेटावर स्केलिंग केलेलं नाही ना ते तपासा, आणि पाठवायच्या आधी नोटबुक रिस्टार्ट करून वरपासून खालपर्यंत एकदा चालवा, कारण सेल उलटसुलट चालवून आलेलं उत्तर दुसऱ्याकडे येत नाही.

७. टेस्ट किती

शंभर टक्के कव्हरेज (कोडची प्रत्येक ओळ टेस्टमध्ये चालणं) कोणी मागत नाही. बुकिंगसाठी मी म्हणेन की नेहमीचं बुकिंग होतं ही एक, टक्कर होते त्याच्या चार पाच केस, शेजारी शेजारी बुकिंग चालतं ही एक, शेवट सुरुवातीच्या आधी असेल तर नाकारतं ही एक, कॅन्सल केल्यावर तीच वेळ पुन्हा मिळते ही एक. ही शेवटची फार कमी लोक लिहितात आणि बग बहुतेक तिथेच असतो. टेस्टची नावं वाक्यासारखी ठेवा, म्हणजे नुसती नावं वाचून सिस्टीम काय करते ते कळेल. गेटर सेटरच्या टेस्ट लिहून आकडा वाढवू नका, दिसतं ते.

८. गिटची हिस्टरी

सगळा प्रोजेक्ट एकाच कमिटमध्ये (गिटमध्ये एकदा नोंदवलेला बदल) आणि मेसेज 'फायनल', असे रेपो खूप येतात. कमिट छोटे ठेवा आणि मेसेजमध्ये काय केलं ते एका ओळीत. मी हिस्टरी नेहमी वाचते कारण माणूस काम कुठून सुरू करतो आणि कुठल्या क्रमाने पुढे जातो ते तिथे दिसतं.

गिट इग्नोर फाइल (गिटने काय नोंदवायचं नाही याची यादी) पहिल्याच कमिटला. नोड मॉड्यूल्स फोल्डर, बिल्ड फोल्डर, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, डॉट ईएनव्ही फाइल यातलं काही आत जाता कामा नये. लॉक फाइल (पॅकेजची नेमकी व्हर्जन लिहिलेली) मात्र गेली पाहिजे, नाहीतर समोरच्याकडे वेगळ्या व्हर्जन इन्स्टॉल होतात. चुकून एपीआय की कमिट झाली आणि पुढच्या कमिटमध्ये डिलीट केली तरी ती हिस्टरीत तशीच राहते, त्यामुळे ती की लगेच रद्द करून नवीन घ्या, फाइल पुसून काही होत नाही. खरी ईएनव्ही फाइल न देता वेगळ्या नावाची एक नमुना फाइल द्या ज्यात फक्त व्हेरिएबलची नावं आहेत.

रेपो पब्लिक ठेवायचा का ते विचारा. बऱ्याच कंपन्यांना आवडत नाही कारण तीच असाइनमेंट त्या दुसऱ्यांनाही देतात. प्रायव्हेट रेपो करून त्यांना ॲक्सेस द्या, किंवा गिट बंडल कमांडने हिस्टरीसकट सगळं एका फाइलमध्ये बांधून पाठवा.

९. रीडमी

कोडइतकाच वेळ नाही, पण निदान अर्धा पाऊण तास रीडमीसाठी राखून ठेवाच. तपासणारा सगळ्यात आधी तेच उघडतो आणि काही वेळा कोडपेक्षा तेच जास्त वाचलं जातं.

सुरुवातीला चालवायच्या कमांड, कॉपी पेस्ट करता येतील अशा, आणि भाषेचं कुठलं व्हर्जन लागतं ते. मग टेस्ट कशा चालवायच्या. मग एक दोन उदाहरणं, रिक्वेस्ट काय पाठवायची आणि काय परत येतं. इथपर्यंत सगळे लिहितात. फरक पडतो तो पुढच्या भागाने, त्यात तुम्ही काय धरून चाललात, कुठले पर्याय होते आणि हाच का घेतला, काय मुद्दाम केलं नाही, आणि अजून वेळ मिळाला असता तर आधी काय केलं असतं. नमुना म्हणून हे बघा:

'लॉगिन केलेलं नाही, कारण असाइनमेंटमध्ये मागितलेलं नव्हतं. बुकिंग करणाऱ्याचं नाव रिक्वेस्टमध्येच येतं असं धरलंय. एसक्यूलाइट घेतलं कारण सेटअप लागत नाही, पण एकावेळी खूप लोक बुक करणार असतील तर पोस्टग्रेसकडे जावं लागेल. पेजिनेशन नाही, एका दिवसाच्या एका रूमच्या यादीला त्याची गरज वाटली नाही. वेळ असता तर रोज रिपीट होणारी बुकिंग आधी केली असती.'

एवढ्या पाच वाक्यांत किती काही कळतं ते बघा. किती वेळ लागला तेही खरं खरं लिहा. चार तास सांगितले होते आणि नऊ लागले तर नऊ लिहा, त्याने तुमचं नुकसान होत नाही आणि पुढच्या लोकांसाठी कंपनीला असाइनमेंट लहान करायला कारण मिळतं.

१०. एआय वापरायचं का

नियम वाचा, लिहिलेला नसेल तर विचारा. काही कंपन्या वापरा म्हणतात, काही सक्त नाही म्हणतात, आणि नाही म्हटलं असेल तर वापरू नका. परवानगी असेल तर कुठे वापरलं ते रीडमीमध्ये एका ओळीत सांगा. पण माझं मत विचाराल तर जी ओळ तुम्हाला समजावून सांगता येत नाही ती रेपोमध्ये नको, मग ती कोणीही लिहिलेली असो. पुढच्या राउंडला 'हे असं का लिहिलंय' हा प्रश्न येणारच आहे आणि 'तसं जनरेट झालं' हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही. मशीनने लिहिलेला कोड मला बहुतेक वेळा दोन गोष्टींवरून जाणवतो, प्रत्येक ओळीवर तीच ओळ सांगणारी कॉमेंट, आणि कधीच न होणाऱ्या चुकांसाठी लावलेले ढीगभर ट्राय कॅच. ते वाचून साफ करा.

११. पाठवायच्या आधी

नवीन फोल्डर बनवा, त्यात रेपो पुन्हा क्लोन करा, आणि फक्त रीडमीत लिहिलंय तेवढंच करून प्रोजेक्ट चालवा. डोक्यातलं काही वापरायचं नाही. इथे हमखास काहीतरी सापडतं: एखादं पॅकेज तुमच्या मशीनवर ग्लोबल इन्स्टॉल होतं म्हणून यादीत टाकायचं राहिलं, डेटाबेसचं टेबल तुम्ही हाताने बनवलं होतं, एखाद्या फाइलचा पाथ तुमच्या युजरनेमसकट कोडमध्ये आहे. विंडोज आणि मॅकवर फाइलच्या नावातलं लहान मोठं अक्षर बहुधा चालून जातं पण लिनक्सवर चालत नाही, त्यामुळे इम्पोर्टमधली नावं नीट बघा. मित्राच्या मशीनवर चालवून बघता आलं तर फारच छान. उरलेले प्रिंट स्टेटमेंट आणि कॉमेंट केलेला जुना कोड काढून टाका, फॉरमॅटर चालवा.

मग असाइनमेंटची पीडीएफ पुन्हा उघडा आणि ओळ ओळ टिक करा. वाचायला बाळबोध वाटेल पण रिस्पॉन्समधलं फील्डचं नाव वेगळं दिल्यामुळे कंपनीच्या आपोआप चालणाऱ्या टेस्ट फेल झाल्या आणि माणसाने रेपो बघितलाच नाही असं होतं.

मेल छोटा ठेवा: लिंक, चालवायची एक कमांड, काय राहिलंय ते एका वाक्यात. डेडलाइन चुकणार असेल तर आदल्या दिवशी कळवा, शेवटच्या तासाला नको.

१२. पुढचा राउंड

असाइनमेंट आवडली तर बहुतेक ठिकाणी त्याच कोडवर एक कॉल असतो. कॉलच्या आदल्या दिवशी तुमचाच कोड परत वाचा, दोन आठवडे मधे गेले की आपलंच लिहिलेलं आठवत नाही. साधारण विचारतात ते असं: हे क्लास वेगळे का केले, लोड शंभरपट झाला तर आधी काय मोडेल, आता यात अमुक फीचर ॲड करून दाखवा. शेवटचं बहुतेक वेळा लाइव्ह असतं, म्हणून प्रोजेक्ट उघडून, टेस्ट चालू अवस्थेत ठेवून बसा. समोरच्याने एखादी खरी चूक दाखवली तर ती चूक आहे म्हणा आणि कशी दुरुस्त कराल ते सांगा, वाद घालण्यात वेळ जातो. पण तुम्ही विचार करून घेतलेला निर्णय असेल आणि त्याला फक्त तो वेगळा वाटत असेल तर कारण सांगून ठाम राहा, तेच त्यांना ऐकायचं असतं.

आठवडाभर उत्तर आलं नाही तर एक साधा मेल टाका. नकार आला तर कोडवर दोन ओळींचा फीडबॅक मागा, सगळे देत नाहीत, पण तुम्ही सहा तास दिलेत तर तो मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आणि कोड पुढे पोर्टफोलिओत दाखवायचा असेल तर त्याच मेलमध्ये परवानगी विचारून घ्या, कंपनीचं नाव आणि असाइनमेंटचा मजकूर काढून ठेवायचा असं सांगितलं तर सहसा हो म्हणतात.